प्लेटचा सुटलेला कोपरा

प्लेट माझी होती. आजही मी असंच म्हणते आणि घरातले हसतात. कुणाचं शेत असतं, कुणाचं दुकान असतं, माझी एक स्टीलची प्लेट होती, वहीच्या पानाएवढी, एका बाजूने वायर निघालेली. म्हैसूरच्या सरस्वतीपुरमात एक लहानसं नर्सिंग होम होतं. तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी सिस्टर होते, आणि टेबलावर आलेला जवळजवळ प्रत्येक पेशंट माझ्या त्या प्लेटवर झोपून गेला.

ज्यांनी थिएटर आतून पाहिलेलं नाही त्यांना सांगते. ऑपरेशन करताना रक्त थांबवायला डॉक्टर विजेची पेन्सिल वापरतात. तिच्या टोकातून वीज पेशंटच्या अंगात शिरते, आणि शिरलेल्या विजेला बाहेर पडायला वाट लागते. ती वाट म्हणजे प्लेट. मांडीला ती सगळीकडून नीट टेकलेली असली तर वीज पसरून, काही कळू न देता निघून जाते. पण प्लेट सुटली, आणि एका कोपऱ्यावरच टेकून राहिली, तर सगळी वीज त्या एवढ्याशा जागेतून बाहेर पडायला बघते आणि तिथली कातडी भाजून निघते. पेशंटला काही कळत नाही, कारण त्याला भूल दिलेली असते. डॉक्टरांना कळत नाही, कारण त्यांचं लक्ष पोटात असतं. म्हणून कुणीतरी एकाने प्लेटवर लक्ष ठेवायचं असतं, आणि आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे मी.

मला ते जमायचं याचं कारण मी म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी रंगाऱ्यांच्या घरातली. आजोबांच्या वेळेपर्यंत आमच्या अग्रहारातल्या घरामागे रंगाची पातेली चुलीवर चढत. वडिलांनी ते सगळं बंद करून छापखान्यात नोकरी धरली. आत्याच्या हातात मात्र ते कसब राहिलं होतं, आणि तिने ते मला दिलं. ओलं कापड किती पिळायचं हे ती बोटांनी सांगायची: थेंब गळता कामा नये आणि कुठे कोरडी जागा राहता कामा नये. त्या काळी प्लेटला सलाईनमध्ये भिजवलेलं कापड गुंडाळून ती मांडीखाली सरकवायची पद्धत होती. दुसऱ्या सिस्टरांची कापडं एक तर चादर भिजवायची, नाही तर तासाभरात कडेने वाळायची. माझं तसं झालं नाही. ऑपरेशन लांबलं की मी दर थोड्या वेळाने चादरीखाली हात घालून कडा चाचपायचे. एकाही पेशंटच्या अंगावर लाल डाग म्हणून उठला नाही. आमचे डॉक्टर, नर्सिंग होम त्यांचंच, नव्या माणसांना सांगायचे, "प्लेट अक्का नोडकोतारे." अक्का बघून घेतात. सगळे मला अक्का म्हणत, डॉक्टरसुद्धा. मी त्या एका वाक्यावर महिनाभर खूश राहायचे.

मग नवं मशीन आलं, आणि त्याच सुमारास ती आली.

तिला मी मनात 'पुण्याची' म्हणायचे. नवऱ्याची इथल्या कारखान्यात बदली झाली म्हणून ती म्हैसुरात आली होती, जयलक्ष्मीपुरमात भाड्याने राहायची. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात काम केलेलं, हातात कायम एक छोटी वही, आणि तोंडात असं मराठी की ऐकताना मला माझं मराठी उसनं आणल्यासारखं वाटायचं. आमचं घरचं मराठी अर्ध्या वाक्यात कन्नडात शिरतं आणि आम्हाला पत्ताही लागत नाही. ती सरळ सुरू करायची आणि सरळ संपवायची. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "ताई, तुमचं मराठी किती गोड आहे हो." गोड लहान मुलांचं बोलणं असतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

नव्या मशीनची प्लेट स्टीलची नव्हती. ती पातळ, चिकट, मागे कागद लावलेली. कागद सोलायचा, जागा पुसायची आणि मांडीवर चिकटवायची. कापड नको, पाणी नको. पुण्याच्या हॉस्पिटलात ती असल्याच प्लेटी वापरत आली होती. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून प्लेट यांच्याकडे, अक्का मशीनजवळ बसतील. माझी स्टीलची प्लेट आयाने पुसून स्टोअरमध्ये ठेवून दिली. मला मिळालं एक स्टूल आणि पॉवर कमीजास्त करायचा खटका.

तिने काही वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. ती काम चोख करायची, हीच खरी अडचण. प्लेट लावण्याआधी ती जागा निवडायची: हाडावर नको, जुन्या व्रणावर नको, केस असतील तर काढून, मांसल भाग बघून. चिकटवल्यावर तळहाताने मधून कडेकडे दाबत न्यायची. पेशंटला कुशीवर वळवलं की परत बघायची. सोन्याचे, पितळेचे दागिने अंगावर राहिलेत का विचारायची. सगळं वहीत लिहिलेलं. माझ्या कापडाबद्दल एकदा म्हणाली, "फार सुरेख गुंडाळता तुम्ही, ताई, पण ते कडेने वाळत नाही का?" वाळतं हे मला ती शाळेत जात होती तेव्हापासून माहीत होतं. म्हणून तर मी चादरीखाली हात घालायचे. पण हे तिला सांगायला गेले असते तर ती ते वहीत लिहून घेणार, आणि माझं जे काय होतं ते तिच्या वहीत जाणार. मी मूग गिळून बसले.

मी तिला पाण्यात पाहत होते, यात काही लपवण्यासारखं नाही. सहा महिन्यांत ती कन्नड बोलायला लागली, चुकीचं, पण न लाजता, आणि आयांना त्याचं कौतुक. माझं कन्नड जन्मापासूनचं, त्याचं कौतुक कोण करणार? डॉक्टर टाके घालताना तिला पुण्याच्या हॉस्पिटलात हे कसं करतात, ते कसं करतात विचारायचे. मी खटक्याजवळ बसून ऐकायचे. ती डब्यातून साबुदाण्याची खिचडी आणायची आणि सगळ्यांना वाटायची, मलाही. खिचडी चांगली असायची. तेही मला सहन व्हायचं नाही.

आता एक गोष्ट जी तिच्या वहीत नव्हती. आमच्याकडच्या बायका ऑपरेशनला येण्याआधी एण्णे स्नान करून येतात. म्हणजे अंगभर एरंडेल चोपडायचं, तास-दोन तास तसंच बसायचं, मग कढत पाणी आणि शिकेकाई. कारण सरळ आहे: टाके पडल्यावर पंधरा दिवस अंगाला पाणी लागणार नाही, मग आधीच अंग थंड करून घ्यावं. डॉक्टर किंवा सिस्टर हे सांगत नाहीत, पेशंटही ते आपणहून बोलत नाही. विचारण्यासारखं त्यात कुणाला काही वाटतच नाही. पण एरंडेल एका शिकेकाईने जात नाही. मांडी कोरडी दिसते, हात फिरवला की बोटं घसरतात. माझ्या ओल्या कापडाच्या काळातही मी म्हणून मांड्या आधी साबणाने आणि मग स्पिरिटने पुसून घ्यायचे. चिकट प्लेटला तर तेल म्हणजे शत्रूच. ती चिकटल्यासारखी दिसते आणि नंतर कडेने सुटते.

नव्या मशीनला याचा सुगावा लागत नसे. वायर तुटली तर ते ओरडायचं. प्लेट सुटली तर गप्प. सुटल्याबरोबर ओरडणारी मशीनं आमच्याकडे नंतर आली.

पुण्याची आल्यानंतरही मी वॉर्डात जाऊन बायकांच्या मांड्या पुसत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, सवय होती. एक दिवस डॉक्टर चहा पिताना म्हणाले, या प्लेटी आल्यापासून कातडीवर साधी लालीसुद्धा नाही, सिस्टरांचा हात चांगला आहे. ती लाजून हसली. मी कपबशी खाली ठेवली. हात तिचा, आणि साबण कुणाचा? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवसापासून मी वॉर्डात जायचं सोडलं. प्लेट जिची, तिने बघावं.

पुढचे काही आठवडे काहीच झालं नाही, आणि त्याचाही मला राग आला.

मग आमच्या गल्लीतल्या वहिनी आल्या. आमच्याच लोकांतल्या, माझ्या घरापासून तिसरं दार, नवऱ्याबरोबर दोरे, बटणं, साडीचे फॉल असं दुकान चालवायच्या. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. गर्भाशयात गाठी झाल्या होत्या आणि ते काढायचं ठरलं होतं. दुसरीकडे जा म्हणून त्यांना दहा जणांनी सांगितलं, पण त्या इथेच आल्या, कारण इथे मी होते. सकाळी मी त्यांच्या खाटेशी गेले तर गाऊन घालून बसलेल्या, अगदी प्रसन्न.

"काल हरळेण्णे लावून एण्णे स्नान केली मी," त्या म्हणाल्या. "दोन तास सुम्ने बसली, मग कढत पाणी. आता पंधरा दिवस कोण पाणी घालतंय? देह कसा तंपु झालाय बघ." आणि माझा हात घेऊन आपल्या दंडावर ठेवला.

दंड खरंच तंपु म्हणजे थंड होता, आणि हरळेण्णेने, त्याच एरंडेलाने, बोटं घसरली. साबण तिथेच होता, पाण्याची बादली तिथेच होती. दहा मिनिटांचं काम. पुण्याची दारातून आत आली, वही उघडून विचारू लागली: दात खरे आहेत ना, कसली ॲलर्जी, दागिने काढलेत ना. वहिनींनी सगळ्याला मान हलवली. मी तिथेच उभी होते. तिने तेलाचं विचारलं नाही आणि मी बोलले नाही. मला तेव्हा काय वाटलं ते मला पक्कं आठवतं. मला वाटलं, आज हिची जरा लाज निघू दे. मांडीवर लाली उठेल, दोन दिवसांत जाईल, आणि डॉक्टर म्हणतील, अक्का असताना असं कधी झालं नव्हतं. एवढंच मला हवं होतं.

वहिनींना कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं. त्या जाग्या होत्या. पुण्याचीने मांडी कोरड्या कापसाने पुसली, कागद सोलला, प्लेट लावली, तळहाताने नेहमीसारखी दाबत नेली. चिकटली. मग डॉक्टरांनी टेबल डोक्याकडून खाली करायला सांगितलं, अंग जरा सरकलं, आणि प्लेटचा एक कोपरा बाटलीवरच्या ओल्या लेबलसारखा वर उचलला गेला. पुण्याची तेव्हा दिवा फिरवत होती. माझ्या स्टुलावरून मला तो कोपरा स्पष्ट दिसला. मग त्यावर हिरवी चादर पडली.

सांगायला तेव्हा एक श्वास पुरला असता.

ऑपरेशन सुरू झालं. थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले, "कट आगता इल्ला, जास्ति माडि." कापत नाहीये, वाढवा. थिएटरमध्ये ज्याने चार वर्षं काढली त्याला या वाक्याचा अर्थ माहीत असतो. डॉक्टरांचं नेहमीच्या पॉवरवर काम होईनासं झालं की खटक्याला हात लावायचा नाही, आधी प्लेट बघायची. वीज अडली आहे म्हणूनच त्यांना जास्ती लागते आहे. मला हे झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मी खटका तीनवरून चारवर नेला.

वहिनींचं डोकं माझ्या बाजूला होतं, तोंडापुढे पडदा. त्यांनी मान वळवून मला हळूच विचारलं, "अक्का, सगळं बराबर चाललंय की?"

"हो वैनी," मी म्हटलं, "बराबर चाललंय."

"तू आहेस म्हणून मला काय भय नाही," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

डॉक्टरांनी परत वाढवायला सांगितलं. मी पाचवर नेला. तिसऱ्यांदा ते चिडून म्हणाले तेव्हा माझा हात खटक्यावरच थांबला. दया आली म्हणून थांबला असं लिहायला आवडलं असतं. तसं नव्हतं. पाचच्या पुढे मी आयुष्यात कधी गेले नव्हते, आणि मला भीती वाटली. मी म्हटलं, "डॉक्टर, थांबा. प्लेट बघते."

चादर उचलली. तीन बाजू सुटलेल्या, एका कोपऱ्यावर प्लेट लटकत होती. त्या कोपऱ्याखाली आठ आण्याच्या नाण्याएवढा डाग, मधे पांढरट, कडेने तपकिरी. लाली नव्हती ती. मी दुसरी मांडी साबणाने धुतली, स्पिरिट लावलं, वाळू दिलं, नवी प्लेट लावली, हाताने सगळ्या कडा चाचपल्या, आणि खटका परत तीनवर आणला. तीनवर सगळं व्यवस्थित चाललं. बाकी ऑपरेशन चांगलं झालं.

ग्लोव्हज काढताना डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, की अक्कांनी आज पाय वाचवला, अनुभव म्हणतात तो हा. पुण्याचीकडे त्यांनी बघितलंही नाही. प्लेट परत माझ्याकडे आली. मला जे जे हवं होतं ते सगळं पाऊण तासात मिळालं. आणि खोटं कशाला सांगू, संध्याकाळपर्यंत मला बरं वाटत होतं.

हात धुवायच्या जागी पुण्याची माझ्याजवळ येऊन उभी राहिली. नळ चालू होता आणि ती हात धूत नव्हती. "चूक माझी आहे, ताई," ती म्हणाली. "मी कडा परत बघायला हवी होती. तुम्हाला कसं कळलं?"

"अनुभव," मी म्हटलं.

असं भाजलेलं वरून लहान दिसतं आणि आत खोल असतं. वहिनींचे पोटाचे टाके वेळेवर निघाले, त्या घरी गेल्या, पण मांडीवरची जखम भरेना. काळी खपली पडली, निघाली, खाली खड्डा. पुण्याची रोज ड्यूटी संपल्यावर बसने अग्रहारात यायची आणि त्यांची पट्टी बदलायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिसऱ्या दारात राहत होते आणि मी दोनदा गेले. गल्लीत वहिनी सांगत सुटल्या होत्या की आमची अक्का नसती तर माझा पाय गेला असता. दुकानात आलेल्या बायका ते ऐकून मला रस्त्यात थांबवत. आणि थिएटरच्या भिंतीवर पुण्याचीने स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला होता, मराठीत नव्हे, तिच्या नव्या कन्नडात: डॉक्टरांनी पॉवर वाढवायला सांगितली की आधी प्लेट बघा. नव्या मुलींना ती तो दाखवून सांगायची, हा अक्कांचा नियम. प्लेट लावून मी मान वर केली की तो कागद बरोबर माझ्या समोर यायचा.

माझं मन मला खात होतं, पण मी बोलले ते मनाने खाल्लं म्हणून नाही. मी बोलले ते वेगळ्याच कारणाने. एका दुपारी मी तिसऱ्यांदा वहिनींकडे गेले. त्या पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या, पुण्याची खाली बसून जुनी पट्टी सलाईनने भिजवून सोडवत होती. वहिनी तिची थट्टा करत होत्या. "भाजवलंस की गे मला पुण्याहून येऊन." पुण्याची मान खाली घालून म्हणाली, "हो, वहिनी, माझ्या हातून झालं." वहिनींनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "बिडु, जाऊ दे. तुझं मन वाईट नाही. रोज येतेस, माझी लेक नाही एवढी येत." आणि आतून तिच्यासाठी कॉफी मागवली. माझ्यासाठीही मागवली, पण तिच्यासाठी आधी.

मी ते बघत होते आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. चूक माझी, आणि माफी ती घेऊन बसली होती. माझं मराठी तिने मागे टाकलं, माझी प्लेट तिने घेतली, आणि आता ज्याच्यावर हक्क फक्त माझा होता तेही तिच्याच केसांवरून फिरत होतं. मला ते हवं होतं. मला वाटलं, खरं सांगितलं की ते मला मिळेल.

"वैनी," मी म्हटलं, "हिची चूक नाही. तुम्ही तेल लावून आलात हे तुम्ही मला सांगितलं होतं. मी मांडी धुतली नाही आणि हिलाही सांगितलं नाही. प्लेट सुटलेली मला आधीच दिसली होती. डॉक्टरांनी दोनदा पॉवर वाढवायला लावली, मी दोन्ही वेळा वाढवली."

पुण्याचीचा हात थांबला. वहिनींना पहिल्यांदा समजलंच नाही. त्यांनी मला परत एकदा सांगायला लावलं, आणि मी परत सांगितलं, तितकंच.

"कशाला?" त्यांनी विचारलं.

"हिचं नाव खराब व्हावं म्हणून."

त्या म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं की. सगळं बराबर चाललंय का म्हणून. तेव्हा दिसलं होतं तुला?"

"दिसलं होतं."

"आणि तू हो म्हणालीस."

वहिनींनी साडी मांडीवरून खाली ओढली, पट्टी अर्धी राहिली असताना. पुण्याची म्हणाली, "वहिनी, थांबा, जखम उघडी आहे," आणि साडी परत वर करून तिने शांतपणे पट्टी पुरी केली. तिने मला शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. तिने हात पुसले, वही काढली आणि मला विचारलं, "इथे सगळ्याच बायका तेल लावून येतात का?"

"बहुतेक सगळ्या."

"कोणतं?"

"एरंडेल. दोनदा साबण लागतो. मग स्पिरिट. आणि वाळू द्यायचं."

तिने लिहून घेतलं. कॉफी आली तेव्हा मी उठले होते. मला कुणी बस म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना मीच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले, आणि मला थिएटरमधून काढून हत्यारं उकळायच्या खोलीत टाकलं. निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते. प्लेट परत पुण्याचीकडे गेली. तिच्या यादीत पहिलाच प्रश्न तेलाचा झाला, आणि आया मला सांगायच्या, अक्का, सिस्टर रोज स्वतः साबण घेऊन वॉर्डात जातात. भिंतीवरचा कागद मात्र तिने काढला नाही. फक्त नव्या मुलींना तो दाखवताना माझं नाव घेणं बंद केलं, असं ऐकलं.

वहिनींनी गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही. गल्लीच्या लेखी मीच अजून त्यांचा पाय वाचवलेली. त्यांची जखम तीन महिन्यांनी भरली, व्रण राहिला. रस्त्यात समोर आल्या तर त्या बाजूला होतात, मला जागा देतात, जशी परक्या माणसाला देतात. त्यानंतर त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

पुण्याचीही आता निवृत्त झाली. नवरा गेला, मुलं बाहेर, ती जयलक्ष्मीपुरमातच राहिली. दर संक्रांतीला ती काठाची साडी नेसून आमच्या गल्लीत येते. माझ्या दारापाशी थांबून विचारते, "ताई, बऱ्या आहात ना?" मी हो म्हणते. मग ती पुढे वहिनींकडे तिळगुळाला जाते. आमच्या लोकांतलं घर, माझ्यापासून तिसरं दार, आणि बोलावणं पुण्याच्या बाईला. तिची काही चूक नव्हती, हे त्या घरात मीच जाऊन सांगितलं होतं. तरी मी दारातून हलत नाही, ती आत जाईपर्यंत बघत राहते, आणि माझ्या पोटात दुखतं.